भैय्यालालचं काम

वीट रविताच्या हातात आली. तिने ओढली नव्हती, हलवली नव्हती. धुण्याची बादली उचलताना आधाराला म्हणून भिंतीवर हात टेकवला आणि वरच्या थरातली कोपऱ्याची वीट डब्याचं झाकण निघावं तशी अलगद तिच्या हातात आली. ती क्षणभर विटेकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. 'गुंजन, ये इकडं, पाहा तुझ्या बाबांची भिंत,' तिने मुलीला हाक मारली, 'भैय्यालालचं काम केलं नं यांनी!' गुंजन खिडकीतून डोकावली, तीही हसली, 'पक्कं भैय्यालालचं काम!' म्हणाली आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली. मीही हसलो. न हसून करणार काय! रविताने वीट माझ्या हातात ठेवली आणि धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. मी वीट उलटी केली. खालची बाजू कोरी होती. सिमेंट-रेतीचा मसाला म्हणून जो मी तिच्याखाली बोटभर जाडीचा थापला होता, त्याचा कणही तिला चिकटलेला नव्हता. भिंतीवरच्या मसाल्याला अंगठा लावला तर त्याचं पीठ झालं. अशीच कोरी वीट मी याआधी एकदा पाहिली होती, एकवीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ती माझ्या नव्हे, भैय्यालालच्या हातात होती.

आमच्या घरात 'भैय्यालालचं काम' कशालाही म्हणतात. भाकरी थापताना फाटली, शिलाई उसवली, गुंजनच्या वहीचं कव्हर निघालं, की झालं भैय्यालालचं काम. तिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे तर सगळं गावच म्हणतं. गुंजनने भैय्यालालला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. तिला वाटत असेल, असा कोणी माणूस नसेलच, नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात. रविताने पाहिला असेल तर एखाद्या वेळी, लग्न होऊन गावी आली तेव्हा, दुरून. आणि मी? मी तो शब्द स्वतः कधी उच्चारत नाही, एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त. दुसरे उच्चारतात तेव्हा हसतो. एकवीस वर्षं हसत आलो आहे. गालाला सवय झाली आहे त्या हसण्याची, मला आतून काही करावं लागत नाही.

ही भिंत तरी मी कशाला बांधायला गेलो! मागच्या अंगणात शेजाऱ्यांच्या सांडपाण्याचा लोंढा यायचा, तिथे तीन फुटांची आडवी भिंत हवी होती. आम्ही राहतो त्या गोंदियात एवढ्याशा कामाला मिस्त्री येत नाही. दोन जण पाहून गेले, 'करते है सर, अगले हफ्ते,' म्हणाले आणि फिरकले नाहीत. मग मी मोबाइलवर पाहून शिकलो. कोणी एक सरदारजी फार छान शिकवतो. विटा आधी पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. एकाला सहा रेती. दोन टोकांना दोन विटा लावा, दोरी ताणा, दोरीला टेकेल न टेकेल अशी मधली वीट बसवा. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचं पोट आलं पाहिजे. ओळंबा सोडून पाहा. मी सगळं केलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बनियनवर, फेब्रुवारीच्या उन्हात करनी, म्हणजे मिस्त्रीची थापी, हातात धरून मी पहिला थर लावला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मसाला करनीवरून विटेवर सरकतो त्याचा एक आवाज असतो, ओला, जाडसर. वीट बसवून करनीच्या मुठीने ठोकली की ती अर्धा सूत खाली जाते आणि मग हलत नाही. भिंत उठली. पाणसळ लावून पाहिली, बुडबुडा बरोबर मध्ये. फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. मुख्याध्यापकांनी अंगठा दाखवला. सरदारजीने शेवटी सांगितलं होतं, भाईयो, दीवार खडी करना आधा काम है, अब सात दिन सुबह-शाम तराई. पाणी मारा, दीवार को प्यासा मत रखो. पहिल्या दिवशी मारलं. मग दहावीचे सराव पेपर तपासायला आले. रविता सकाळी स्वयंपाकघरातून विचारायची, 'पाणी मारलं का भिंतीला?' आणि मी पेपरातून मान न उचलता म्हणायचो, 'हो.' चार दिवस म्हटलं. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. पाणी मारायला पाच मिनिटं लागतात, आणि 'हो' म्हणायला तेवढीही लागत नाहीत.

अंगणात बाबूजी खुर्चीवर बसून होते. बाबूजी म्हणजे माझे वडील, डोमनलाल, वय ब्याऐंशी. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात, आणि सकाळचं ऊन जिकडे सरकेल तिकडे खुर्ची सरकवत नेतात. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे समजतात. ते माझ्या हातातल्या विटेकडे पाहत म्हणाले, 'भैय्यालाल झाला गा तू.' आणि पुढे, नेहमीचं, 'त्या हरामखोरानं सिमिट खाल्ला होता माह्या खोलीचा.' हे वाक्य मी वर्षातून चार वेळा तरी ऐकतो. धान कापणीला, लग्नात, कोणाचं घर उठत असलं की. पण त्या दिवशी कोरी वीट माझ्या हातात होती आणि मला ते वाक्य लागलं. मी आत जाऊन बसलो. पेपर समोर घेतले. पंख्याचा वारा लागून एकेक पान उचललं जात होतं आणि मी ते दाबून धरत होतो, तपासत नव्हतो.

ती खोली माझ्या लग्नासाठी बांधत होते. उन्हाळा, मे महिना. भैय्यालाल मिस्त्री तेव्हा पंचेचाळिशीचा असेल, काळा, उंच, बोलायला कमी. आसपासच्या पाच गावांत पक्की घरं त्याच्याच हातची. आमच्याकडे घर पुरं झालं की मालक चार लोकांसमोर मिस्त्रीच्या ओळंब्याला कुंकू लावतो आणि त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकतो. तो दुपट्टा घालून मिस्त्री गावातून घरी जातो, लोक पाहतात, की बा, अमक्याचं घर झालं, मिस्त्रीनं चांगलं केलं. पुढचं काम त्या दुपट्ट्यावर मिळतं. भैय्यालालच्या घरात दोरीवर रांगेने दुपट्टे होते, शामकलाबाई, त्याची बायको, ते कोणाला वापरू देत नसे. खोलीची मागची लांब भिंत माथ्यापर्यंत चढवून तो दहा दिवस दुसऱ्या कामावर गेला. जाताना मला म्हणाला, 'उमेंद्रबाबू, भिंत उभी कराचं काम माह्यं, तिले पानी पाजाचं काम मालकाचं. सकाळ-संध्याकाळ चिंब झाली पाह्यजे. मे महिना आहे, फसवते.' मी 'हाव' म्हटलं. माझा पहिला 'हाव'. तो मात्र खरा होता, मनात तेव्हा तसंच होतं.

आमची विहीर शेतात, मोटर एक. वीज दिवसातून सहा तास, तीही लहरीवर. आणि बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उन्हाळी धान निसवत होता. लोंबी बाहेर पडत असते त्या दहा दिवसांत धानाच्या बुडाशी पाणी हललं पाहिजे, एक दिवस कोरडा गेला तर लोंबी पोकळ. हे आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. भिंतीला पाणी द्यायचं तर पाइप बांधीतून काढून घरापर्यंत ओढत आणायचा, अर्धा तास जायला आणि अर्धा तास यायला, आणि तेवढ्यात वीज गेली तर दोन्हीकडचं गेलं. पहिल्या दिवशी ओढून आणला. दुसऱ्या दिवशी चार बादल्या शिंपडल्या. तिसऱ्या दिवशी मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा होतो, पाणी धानात शिरत होतं, त्याचा तो बारीक आवाज, आणि वास, तापलेल्या चिखलाचा. मनात आलं, भिंतीचं उद्या पाहू. संध्याकाळी बाबूजींनी विचारलं, 'पानी मारलं?' 'हाव.' चौथ्या दिवशी 'हाव'. पाचव्या दिवशी त्यांनी विचारण्याच्या आधीच मी म्हणालो, 'मारलं पानी.' सत्तावीस वर्षांचा घोडा होतो, बी.एड. झालेला, नोकरीची ऑर्डर आलेली. पोरगा असतो तर पोरगेपणावर तरी ढकललं असतं.

आठव्या दिवशी दुपारी वावटळ आली. धूळ, पत्रे, आंब्याची फांदी, आणि मग एक धप्प. मोठासा आवाजही नाही. भिंत आडवी झाली, अख्खी, जशी होती तशी जमिनीवर झोपली आणि मग सुटी सुटी झाली. खाली कोणी नव्हतं, एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्यालालला बोलावणं गेलं. तेव्हा अंगणात गावचे दहा-बारा लोक होते आणि रविताचे मामा होते, लग्नाची बोलणी पक्की करायला आदल्या रात्रीच आमगावहून आलेले. भैय्यालाल आला, ढिगात वाकून त्याने एक वीट उचलली, उलटी केली. कोरी. अंगठ्याने मसाला चोळला, पीठ खाली पडलं. दुसरी उचलली, तीही कोरी. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. विचारल्यासारखं पाहिलं, 'काऊन गा?' असं. बाबूजी म्हणाले, 'सिमिट खाल्ला यानं. रेतीत भिंत बांधली.' भैय्यालाल म्हणाला, 'मालक, पानी...' बाबूजी ताडकन म्हणाले, 'काय पानी? माह्या पोरानं दोन टाइम पानी मारलं. इचार त्याले सगळ्यायसमोर. काऊन रे उमेंद्र, मारलं का नाही?' मामा माझ्याकडे पाहत होते. कोणाच्या तरी हातात चहाची बशी होती, ती थांबली होती. मी म्हणालो, 'हाव.'

बस, एवढंच. मी त्याला चोर म्हटलं नाही, शिवी दिली नाही. दोन अक्षरं. भैय्यालालने वीट खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली. करनी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि निघाला. दुपट्ट्याशिवाय. गल्लीभर लोक दारात उभे होते. गोंदियाहून दुसरा मिस्त्री आणला, त्याने त्याच विटांची भिंत पुन्हा उठवली. या वेळी मी पाइप ओढून आणला, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दहा दिवस, भिंतीच्या बुडाशी शेवाळ धरलं एवढं पाणी मारलं. धान तोवर निसवून झाला होता. त्या मिस्त्रीला दुपट्टा मिळाला. रविता त्या खोलीत आली, पलंग त्याच भिंतीला लावला होता. आणि भैय्यालालला त्यानंतर आमच्या गावात कोणी काम दिलं नाही, पाचही गावांत नाही. मग तो हैदराबादला गेला, दुसऱ्यांच्या हाताखाली मसाला कालवायला. इतका चांगला मिस्त्री, घमेली उचलत होता म्हणे. पंधरा वर्षांनी परत आला तोवर त्याचं नाव गावाच्या तोंडात रुळून गेलं होतं.

मी पेपर बाजूला सारून अंगणात आलो. बाबूजींची खुर्ची पेरूच्या झाडाखाली सरकली होती. रविता गच्चीवर होती, गुंजन आत. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, 'बाबूजी, त्या भिंतीले मी पानी नव्हतं मारलं.' मोठ्याने म्हणालो, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून. ते पेरूच्या पानांकडे पाहत होते. वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणणार तोच ते म्हणाले, 'माहीत आहे मले.' मी म्हटलं, 'काय माहीत आहे?' 'भिंतीच्या बुडाशी कोंबड्या धुळीत लोळत. रोज पाहो मी. पानी मारलं असतं तं धूळ रायली असती का तिथं?' ते अगदी सहज सांगत होते, कोणत्या साली कोणतं बी पेरलं ते सांगावं तसं. 'मंग मले बोलले काऊन नाही?' 'धान निसवून रायला होता नं बाप्पा. धानाचं पानी भिंतीले देतेत का? भिंत काय, पडली तं उठते पुन्हा.' 'आन् मंग सगळ्यायसमोर मले इचारलं कायले?' त्यांनी हाताने गुडघा चोळला. 'रवितेचा मामा बसून होता. पोरगं भिंतीले पानी नाही देत, थो पोरीले काय देईल, म्हनला असता.' आणि मग, डोळे बारीक करून, 'तू हाव म्हनशील, हे बी माहीत होतं मले.'

मी तसाच बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या. एकवीस वर्षं मला वाटत होतं, मी बाबूजींना फसवलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्या शब्दावर एका माणसाला बाहेर काढलं. त्यांनी 'हरामखोर' म्हटलं की मला त्यांचीही दया यायची, मला वाटायचं यांना काही माहीतच नाही. कसलं काय! आम्ही दोघेही धुऱ्यावर उभे होतो, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि पाणी धानात जात होतं. आणि लाज वाटण्याऐवजी पहिल्यांदा काय वाटलं असेल मला? हलकं वाटलं. अर्धं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेल्यासारखं. त्याची मग जी लाज वाटली ती पहिल्या लाजेपेक्षा मोठी होती. 'भैय्यालालले समजलं असन?' मी विचारलं. बाबूजी चिडले. 'मिस्त्री होय थो. वीट उलटी केली तवाच समजलं त्याले. तू काय एवढा शायना आहेस का, का त्याले नाही समजनार?' आणि खुर्ची उचलून उन्हात गेले.

संध्याकाळी मी भिंतीचे वरचे तीन थर उतरवले. हातानेच उतरले. विटा खरवडून पाण्याच्या टाकीत सोडल्या. कोरडी वीट पाण्यात गेली की तिच्या अंगातून सूं सूं करत बुडबुडे निघतात, मिनिटं मिनिटं निघत राहतात, किती तहान असते एकेका विटेला. तो आवाज संपेपर्यंत मी टाकीजवळ बसलो. सोमवारी शाळेतून येऊन थर पुन्हा लावले. आणि आठवडाभर पाणी मारलं, विसरलो नाही. रविता म्हणाली, 'भिंतीच्या प्रेमात पडले का?' शनिवारी गोंदियाच्या बाजारातून एक दुपट्टा घेतला, पांढरा, लाल काठाचा, चांगल्यातला. दुकानदाराने विचारलं, 'शादी-ब्याह का है, सर?' मी 'हाँ' म्हणालो. पाहा, इथेही! रविवारी रविताला सांगितलं, शेताचं पाहून येतो, आणि गावची गाडी धरली.

भैय्यालालचं घर मातीचं आहे. पण समोर कमरेएवढी विटांची भिंत आहे, लोकांनी फेकलेल्या अर्ध्या, चौथाई तुकड्यांची. मी शिकाऊ का होईना पण आता पाहायला शिकलो होतो. एकही सांधा सांध्यावर आलेला नव्हता. तुकड्यांची भिंत अशी बांधणं किती कठीण असतं, हे पंधरा दिवसांपूर्वी मला कळलं नसतं. भैय्यालाल आत खाटेवर बसला होता. केस गेलेले, हाताचे पंजे मात्र तेवढेच. 'कोन? उमेंद्रबाबू? या या, मास्तर या. शामकला, मास्तर आले, चहा ठेव.' त्याच्या आवाजात काही नव्हतं. मी आत शिरलो आणि दार लोटून घेतलं. ऊन येत होतं. बाबूजी कसे आहेत, गुडघे दुखतात का, पोरगी कितवीत, सगळं विचारून झालं. माझ्या हातातली पिशवी मांडीवर होती. मग मी सांगितलं. सगळं, पाइप, मोटर, धान, 'हाव'. तो खाली पाहत ऐकत होता, अंगठ्याने खाटेची दोरी चोळत होता. शामकलाबाई चुलीशी पाठमोरी बसली होती, तिचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, 'मंग धान कसा झाला होता त्या साली?'

मला उत्तर द्यावं लागलं. 'चांगला झाला होता.' 'हं,' तो म्हणाला. 'पानी भेटलं तं चांगलाच होते.' मी पिशवीतून दुपट्टा काढला. घडी उलगडली आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. दुपट्टा टाकताना मिस्त्री मान जरा खाली करतो, तशी त्याने केली नाही. मान ताठ ठेवून तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग माझ्या मागे, दाराकडे. 'हा चार लोकायसमोर टाकतेत, मास्तर,' तो म्हणाला. 'दार लोटून नाही.' मी म्हणालो, 'ऊन येत होतं.' 'हाव,' तो म्हणाला. चुलीशी बसलेली शामकलाबाई उठली, पदर सावरला आणि जाऊन दार सताड उघडलं. मग चहा दिला. मी प्यायलो. भैय्यालाल म्हणाला, 'मी रोज चार वाजता चौकात बसतो. पानठेल्यापाशी. सगळे रायतेत तिथं. तिथं टाका. तिथं सांगा, आत्ता सांगितलं तसंच. मी येतो.' विनवणी नव्हती, अट नव्हती. भिंतीला पाणी पाजायला सांगितलं होतं तोच आवाज.

चार वाजता मी चौकात होतो. पिशवी होती. पानठेल्याच्या बाकावर पाच-सहा जण, सगळे ओळखीचे. 'काय मास्तर, गावाची आठवण आली का?' 'बाबूजी बरे?' मी बसलो. भैय्यालाल आला. त्याने अंगात धुतलेला सदरा घातला होता. इतका वेळ मी ठरवलेली वाक्यं मनात म्हणत होतो, त्या सदऱ्याला पाहून ती सगळी गेली. तो पलीकडे एका दगडावर बसला, काठी दोन पायांमध्ये धरून, आणि वाट पाहू लागला. मी घसा खाकरला. तेवढ्यात एक जण समोरच्या बोअरिंगच्या ओट्याकडे हात करून म्हणाला, 'पाहा मास्तर, महिना नाही झाला बांधून, फाटला. भैय्यालालचं काम!' सगळे हसले. 'काय गा भैय्यालाल?' असं त्यालाही म्हणाले, मस्करीत, वाईट मनाने नाही. आणि मी हसलो. माझे गाल हसले, नेहमीसारखे. भैय्यालालने ते पाहिलं. त्याने तोंड फिरवलं नाही, पाहतच राहिला. तिरोड्याहून येणारी गाडी वळणावर दिसली आणि मी उठलो. 'गाडी आली,' मी सर्वांना म्हणालो. गाडीत खिडकीपाशी बसलो तेव्हा तो अजून दगडावरच होता, धुतलेल्या सदऱ्यात.

घरी आलो आणि पिशवी ओट्यावर टाकून तोंडावर पाणी मारत राहिलो. किती वेळ, कोणास ठाऊक. बाहेर आलो तर रविता अंगणात पाइप घेऊन उभी होती आणि भिंतीवर दुपट्टा पसरला होता. पांढरा, लाल काठाचा, ओलाचिंब. 'पोतं टाकावं म्हणतात नं भिंतीवर, ओल टिकायला,' ती म्हणाली. 'पोतं नव्हतं. हा पिशवीत दिसला. कोणी दिला?' बाबूजी खुर्चीवरून दुपट्ट्याकडे पाहत होते. त्यांना समजलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको सांगू, अशी. त्या मानेमुळेच मी बोललो असेन. नाहीतर बोललो नसतो, मी स्वतःला ओळखतो. मी रविताला सगळं सांगितलं, तिथेच, नळाशी, मामांपासून चौकापर्यंत. चौकात हसलो, तेही सांगितलं. बोलताना पाणी वाहत होतं. तिच्या हातातला पाइप खाली झुकला आणि तिच्या पायांवर पाणी पडत राहिलं, तिला कळलं नाही.

मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, 'त्या भिंतीला पलंग होता माझा.' मग म्हणाली, 'एकवीस वर्षं मी त्या माणसाचं नाव घेऊन हसत आली. गुंजनला मीच शिकवलं. तुम्ही बाजूला बसून ऐकत होते.' तिने नळ बंद केला. दुपट्टा भिंतीवरून काढला, पिळला, झटकला, दोरीवर टाकून चारी टोकं सारखी केली. आत गेली आणि माझी शाळेची पिशवी, रजेच्या अर्जांचं पुस्तक आणि पेन घेऊन आली. 'उद्या चार वाजता ते बसतील नं चौकात?' 'बसतील,' मी म्हणालो. 'लिहा. मी पण येते.' मी पायरीवर बसून अर्ज लिहिला. नाव, हुद्दा, तारीख. रजेचं कारण या ओळीवर पेन आपोआप चालला आणि नेहमीचं लिहून मोकळा झाला: घरगुती काम. रविता वाकून वाचत होती. तिने ते पान फाडलं, पुस्तकातलं कोरं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्या बाजूला पायरीवर बसली.